हलेल ते तुमचं

१

घर विकायला काढलं की आधी लाज गुंडाळून ठेवावी लागते. अनोळखी माणसं येतात, आपल्या न्हाणीघरात डोकावतात, नाक मुरडतात, आणि आपण त्यांच्या मागे उभं राहून "उजेड भरपूर येतो हो" असं म्हणत राहतो.

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. सकाळी दुकान, दुपारी घरी येऊन ताईचं जेवण आणि मग घर दाखवणं, असा त्या दिवसांतला माझा क्रम होता. ताई माझी थोरली बहीण. तिने जन्मभर शाळेत खेळ शिकवले. एक शिट्टी मारली की अख्खं मैदान रांगेत उभं राहायचं. मग ती जिन्यावरून पडली आणि मांडीचं हाड मोडलं. हाड जुळलं, "आता चाला" असं डॉक्टरांनी सांगितलंही, पण ताई मागच्या खोलीतल्या खुर्चीत बसली ती बसलीच. खोलीला लागून न्हाणीघर, तेवढंच तिचं जग. चहा, जेवण, पेपर, शेजारपाजारच्या भानगडी, सगळं मी तिला खोलीत नेऊन द्यायची. मला तिच्याशिवाय कुणी नाही, तिला माझ्याशिवाय कुणी नाही.

दुकानाच्या मागच्या गल्लीत तळमजल्यावर दोन खोल्या मिळत होत्या. जिना नाही, समोर बाग. तिथे ताई चालेल, निदान दारात खुर्ची टाकून येणाऱ्याजाणाऱ्याला नावं तरी ठेवेल, एवढ्या आशेवर मी राहतं घर विकायला काढलं होतं. त्यापलीकडे मला काही नको होतं.

बरीच गिऱ्हाइकं आली आणि गेली. मग म्हणणेकर आले.

हे त्यांचं खरं नाव नव्हे. ते घेणाऱ्यांचे एजंट. घेणारं जोडपं आमच्याच वयाचं, नीटनेटकं, कपड्यांना इस्त्री. ते दोघं माझ्याशी एक अक्षर बोलायचे नाहीत. एजंटच्या कानाशी वाकायचे, आणि मग एजंट घसा खाकरून म्हणायचे, "त्यांचं म्हणणं असं आहे की..." मागच्या खोलीतून ताईने हे ऐकलं आणि संध्याकाळी विचारलं, "काय गं, ते म्हणणेकर परत येणारेत का?" तेव्हापासून तेच नाव पडलं.

येणार तर होतेच. या जोडप्याने माझ्या नाकी नऊ आणले. सगळे नळ एकदम सोडून बघितले. कपाटं उघडून वास घेतले. भिंतींवर बोटाने टकटक करून कान लावले. ऐन जेवणाच्या वेळी यायचे आणि बसा म्हटलं तर बसायचे नाहीत, भिंतीला पाठ न लावता नुसते उभे राहायचे. किमतीबद्दल मात्र त्यांनी कधी तोंड उघडलं नाही. मी मनातल्या मनात म्हटलं, चिकट आहेत पण घेतील.

२

घरातल्या बोळात एक लाकडी स्टूल होतं. पूर्वी त्यावर फोन असायचा. फोन गेला, स्टूल राहिलं.

"त्यांचं म्हणणं, हे जरा सरकवता का?" म्हणणेकर म्हणाले. "मागची भिंत बघायची आहे."

मी एका हाताने ओढलं. हललं नाही. दोन्ही हातांनी ओढलं. मग भिंतीला पाय लावून ओढलं आणि माझाच खांदा दुखावला. बाईने नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्याने म्हणणेकरांकडे.

"मग राहू द्या," म्हणणेकर म्हणाले. "व्यवहारात तसंच असतं, मॅडम. खिळे, कड्या, पंख्याचे हूक, जे घराला बसलं ते घराचं. हलेल ते तुमचं."

मी हसले. ते हसले नाहीत. बाई पुढे झाली आणि तिने स्टुलावर तळहात ठेवला, नातवाच्या डोक्यावर ठेवावा तसा.

ते गेल्यावर मी खालच्या सुताराला हाक मारली. पॉलिश चिकटलं असेल, ओल धरली असेल, असं म्हणत तो पाना घेऊन आला. आधी त्याने पेपरचा एक कागद घेतला आणि स्टुलाच्या पायाखाली सरकवला. कागद आरपार गेला. दुसऱ्या पायाखाली गेला, तिसऱ्या, चौथ्याही. कुठेच काही चिकटलेलं नव्हतं. मग त्याने स्टूल कवेत धरून जोर लावला. त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या आणि स्टूल जागच्या जागी राहिलं.

तो उठला, हात झटकले. "काकू, राहू द्या. तसंही जुनंच आहे," म्हणाला आणि चहालाही थांबला नाही.

दुकानात बसून मला एक गोष्ट कळली आहे. डोळ्यांना जे दिसत नाही ते माणूस सवयीने भरून काढतो आणि दिसलं म्हणून शपथ घेतो. कागद खरंच आरपार गेला होता का? गेल्यासारखा वाटला असेल. मी स्वतःची अशी समजूत काढली आणि त्या समजुतीवर चारेक दिवस बरे काढले.

३

मग आरसा अडकला. दारामागचा, खिळ्याला टांगलेला. खिळ्याला हात लावला तर खिळा सैल, पण आरसा भिंतीवरून सुटेना. मग गॅलरीतली रिकामी कुंडी. मग माळ्यावरची आमच्या वडिलांची पेटी.

या सगळ्यांत सारखं काय ते शोधायला मला फार डोकं लावावं लागलं नाही. कित्येक वर्षांत यांतल्या एकालाही कुणी जागचं हलवलं नव्हतं. केर काढतानाही मी त्यांच्या भोवतीने काढायची.

त्या दिवसापासून मी घर हलवायला घेतलं. दुकानातून आले की पदर खोचायचा आणि एकेक वस्तू सरकवायची. कपाट वीतभर इकडे, पलंग वीतभर तिकडे. डबे उतरवायचे, परत चढवायचे. काही गोष्टी आधी जरा आढेवेढे घ्यायच्या आणि मग करकरत सुटायच्या. सुटल्या की मला असा आनंद व्हायचा की काय सांगू. पातेल्यांना मी "शहाणी गं माझी" म्हणत होते.

"काय कवायत चाललीय?" ताई आतून ओरडायची. "म्हातारपणी वेड लागलं का?"

"सामान बांधायचंय ना!"

"मग बांध की. फिरवतेस कशाला त्याला?"

तिच्या खोलीतलं सामानही मी हलवलं. टेबल हललं, कपाट हललं. खुर्चीही हलली, ताई उठून न्हाणीघरात गेली तेव्हा. माझा जीव भांड्यात पडला. खुर्चीची काळजी मी केली, इतपतच माझी अक्कल चालली.

४

पुढच्या खेपेला ते मागच्या खोलीपाशी आले. आत नाही, दाराशीच. ताई खुर्चीत पेपर वाचत होती. बाईने भिंतींकडे बघितलं नाही, छताकडे नाही. ती ताईच्या पावलांकडे बघत राहिली. बराच वेळ. मग ती म्हणणेकरांच्या कानाशी वाकली.

म्हणणेकरांनी घसा खाकरला. जमिनीकडे बघत म्हणाले, "त्यांचं म्हणणं असं आहे की... या बाई... बाहेर येतात का?"

"ती माझी बहीण आहे," मी म्हटलं. "सामान नाही."

"हो, हो. माझं म्हणणं नाही, मॅडम. त्यांचं आहे."

"त्यांना म्हणावं, बाहेरचं दार तिकडे आहे."

ते गेले. जाताना बाईच्या चेहऱ्यावर राग नव्हता. लग्नाच्या बोलणीत मुलगी पसंत पडल्यावर दिसतं तसं समाधान होतं. मी दार लावलं आणि सरळ ताईकडे गेले.

"ताई, ऊठ. पुढच्या खोलीत चल."

"कशाला?"

"माझ्यासाठी."

माझ्या आवाजात काहीतरी असावं, कारण ती कुरकुर न करता उठली. काठी टेकत दारापर्यंत आली. उंबऱ्यापाशी थांबली. उजवा पाय उचलला आणि तिथेच परत ठेवला. डावा उचलला, तोही परत ठेवला.

"अगं, पुढे टाक ना."

"टाकतेय." तिने माझ्याकडे बघितलं. मैदानावर कुणाला न घाबरलेली माझी बहीण लहान तोंड करून बघत होती. "टाकतेय गं. जात नाही."

मी मागे गेले आणि तिच्या पाठीला दोन्ही हात लावून ढकललं. आधी हळू, मग जोराने. तिची पाठ माझ्या हातांना मऊ लागत होती, ऊबदार लागत होती, खालचे मणके लागत होते. आणि तरी मी भिंत ढकलत होते. मी तिला परत खुर्चीत बसवलं.

५

दुसऱ्या दिवशी म्हणणेकर दुकानात आले, एकटेच. चष्म्याची दांडी ढिली झाली म्हणाले. मी चष्मा घेतला आणि बारीक पेचकस शोधू लागले. बोलायची माझी इच्छा नव्हती.

"मॅडम, आज जे बोलतोय ते माझं म्हणणं आहे," ते म्हणाले. चष्म्याशिवाय त्यांचे डोळे थकलेले दिसत होते. "गच्चीवर पाणी तुंबवून बघायचं, नळ पुन्हा तपासायचे, हे सगळं मीच त्यांच्या डोक्यात घातलं. माणूस शंकेखोर असला की त्याला शंका पुरवता येतात. आता वाळवीवाला आणतो. मग विजेच्या तारा. पण जन्मभर नाही पुरवता येणार. घर त्यांना आवडलंय."

"काय आवडलंय त्यात एवढं?"

"भरलेलं आहे म्हणतात."

माझ्या हातातला स्क्रू खाली पडला. तो शोधायला मी टेबलाखाली वाकले आणि तिथूनच म्हटलं, "मी सौदा मोडते."

"मोडा. पण मग त्या तिथून निघतील का?"

मी वर आले.

"तुम्ही त्यांना सगळं हातात नेऊन देता, हो ना?" त्यांनी विचारलं.

"मग? पडलेल्या माणसाला..."

"देऊ नका," ते म्हणाले. "तेवढं एक बंद करा. मी जमेल तितकं लांबवतो."

"तुम्हाला कसं माहीत हे?"

"माझं घर विकलं तेव्हा एजंट घाईचा होता."

मी दांडी घट्ट करून चष्मा पुढे केला. "कोण राहिलं?" मी विचारलं.

त्यांनी चष्मा चढवला, दोन्ही कानांमागे नीट बसवला. "आता छान बसला," म्हणाले, माझे आभार मानले आणि निघून गेले.

६

उपाशी ठेवायला माझा जीव धजत नव्हता, म्हणून जेवण मी खोलीतच देत राहिले. चहा मात्र बंद केला. म्हणजे करत होते, पण उंबऱ्याच्या बाहेर, बोळात, खाली जमिनीवर ठेवत होते. ताईला एक वेळ औषध नसलं तरी चालेल, चहा नसला की ती जगावर उठते.

"हे काय? आण इकडे."

"तू ये."

"नाटकं नकोत. आण म्हणते ना!"

"तू ये, ताई."

मग तिने मला जे जे बोलायचं ते बोलून घेतलं. मी कशी लहानपणापासून आतल्या गाठीची, मला कशी माया नाही, तिची पेन्शन मला कशी गोड लागते. तोफखाना थांबला की ती रडायची, आणि ते तोफखान्याहून वाईट. मी ओट्यापाशी जाऊन नळ सोडायची, म्हणजे मला ऐकू येऊ नये. बाहेरचा चहा थंड व्हायचा, त्यावर साय यायची, मी तो ओतून द्यायची आणि नवा करायची.

तिकडे म्हणणेकर दिलेला शब्द पाळत होते. वाळवीवाला आला. विजेची माणसं आली. घराच्या कागदांवरची एक जुनी सही कुणालातरी पटेना, म्हणून आणखी काही दिवस गेले. एरवी मी दार आपटलं असतं. आता घंटा वाजली की मी धावत जाऊन उघडायची. "या, या, अजून काय बघायचंय? मोरीची जाळी बघितली का?" त्या चिकट, संशयी, तोंडातून शब्द न काढणाऱ्या जोडप्याची माझ्याइतकी सरबराई कुणी केली नसेल. त्यांची प्रत्येक खोड म्हणजे मला आणखी एक दिवस होता.

आणि एका दुपारी मी दोन कप केले, उंबऱ्याबाहेर फतकल मारून बसले आणि माझा चहा मुद्दाम फुरफुर आवाज करत प्यायला लागले.

काठी टेकल्याचा आवाज आला. ताई दारात येऊन उभी राहिली. रागाने तिचे ओठ थरथरत होते.

"बये, तुला लाज नाही," ती म्हणाली.

"नाही," मी म्हटलं. "ये."

ती उंबऱ्याकडे बघत राहिली. घर इतकं शांत होतं की स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी ऐकू येत होतं. मी नळ उघडा टाकून आले वाटतं, असं माझ्या मनात येऊन गेलं, पण उठायची ही वेळ नव्हती. मी हात पुढे केला. ताईने मान वर केली, माझ्या डोक्यावरून पलीकडे स्वयंपाकघराकडे बघितलं. मग माझ्याकडे. पुन्हा तिकडे. तिच्या चेहऱ्यावरचा राग उतरून तिथे दुसरंच काहीतरी आलं. तिने काठी टाकली आणि झडप घालून माझा हात धरला.

तिचा पाय सुटला. चिकटपट्टी कातडीवरून ओढावी तसा आवाज झाला, फक्त तो सगळ्या फरशीतून आला. ती माझ्या अंगावर येऊन पडली, कप लवंडला, आणि आम्ही दोघी म्हाताऱ्या बोळात चहात बसून एकमेकींना घट्ट धरून हसत होतो की रडत होतो, देव जाणे. पुढे आठवलं तेव्हा मी नळ बंद करायला गेले. तो बंदच होता.

७

घर सोडलं त्या दिवशी लख्ख ऊन पडलं होतं. हलणारं सगळं टेम्पोतून पुढे गेलं होतं. स्टूल, आरसा, कुंडी, पेटी यांच्याकडे मी शेवटचं बघून घेतलं. वडिलांच्या पेटीचं वाईट वाटलं. पण ताई स्वतःच्या पायांनी, कठड्याला धरून, जिना उतरली होती आणि खाली गाडीत बसून ड्रायव्हरला शिस्त लावत होती. मला त्या पेटीचं किती वाईट वाटणार?

मी किल्ल्या दिल्या. तेव्हा पहिल्यांदा ती बाई माझ्याशी बोलली. आवाज अगदी साधा होता, कुठल्याही बाईचा असतो तसा.

"आभारी आहोत," ती म्हणाली. "जड गेलं असेल तुम्हाला."

"छे, मीच तुमची आभारी आहे," मी म्हटलं, आणि ते अगदी खरं होतं.

जिना उतरताना माझे गुडघे दुखले नाहीत. ते मला अर्ध्या जिन्यात जाणवलं. खांदाही दुखत नव्हता. मी इतकी हलकी उतरत होते की खाली पोचल्यावर मागे वळून बघावंसं वाटलं, काही विसरलं तर नाही ना म्हणून.

फाटकापाशी म्हणणेकर उभे होते. त्यांनी ताईला गाडीत बसवलं होतं आणि आता ते मान वर करून आमच्या घराकडे बघत होते. मी दिसताच ते घाईने माझ्यापुढे आले.

"झालं, मॅडम. बसा गाडीत. निघा तुम्ही."

"तुमचे उपकार..."

"नंतर. निघा."

मी त्यांच्या खांद्यावरून वर बघितलं. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. ओट्यापाशी एक बाई पाठमोरी उभी होती. पदर खोचलेला, कोपर हलत होते, भांडी विसळण्याचा आवाज खालपर्यंत येत होता. तिने हात झटकले, दोनदा, आणि कपाळावरचे केस मनगटाने मागे सारले. घर घेणारी बाई तिच्या शेजारी पंचा घेऊन उभी होती, अदबीने, काम संपायची वाट बघत. मी चष्मा काढला, पुसला, परत घातला. ते माझं रोजचं काम आहे. खिडकी आणखी स्पष्ट दिसली.

तिने वळून बघितलं नाही. मी गाडीत बसले.

ताईने आधी ड्रायव्हरला रस्ता सांगितला. मग म्हणाली, "दिसली?"

"कोण?"

"मला तर आधीच दिसली होती. त्या दुपारी तू बोळात चहा घेऊन बसली होतीस ना, तेव्हा ती आत भांडी घासत होती."

"मग तू बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? तुमच्यातली तू कोण तेच आधी कळेना." तिने माझा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. "एक ये म्हणत होती. दुसरीने कामातून मानच वर केली नाही. मी ये म्हणणारीचा हात धरला. चुकलं का गं माझं?"

"नाही," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

आता आम्ही नव्या घरात आहोत. ताई सकाळी बागेला चकरा मारते आणि आल्यावर दोघींचा चहा तीच करते, कारण मी ओट्यापाशी उभी राहिले की माझ्या हातांना पुढचं काही सुचत नाही. बाकी मला काही कमी नाही. दुकान आहे, ताई आहे. म्हणणेकरांना माझ्या दुकानातून कधी रिकाम्या हाताने जाऊ देत नाही, आणि त्या जोडप्याचंही भलं होवो असं अगदी मनापासून म्हणते.

पण खरे आभार मानायचे ते तिचे, त्या ओट्यापाशी राहिलेलीचे. ताईचा कप हातात घेते आणि रोज मनातल्या मनात तिला म्हणते, बाई गं, तुझे उपकार फिटायचे नाहीत. हातातलं काम टाकून तू माझ्यामागे आली नाहीस.